चि. वृंदास

पद्माकर राजूरकरांनी आपल्या मुलीला लिहिलेली पत्रं अख्ख्या महाराष्ट्राने वाचली. मुलीला मात्र त्यातलं एकही आलं नाही. तीही ती पत्रं इतरांसारखीच, पुण्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात वाचायची. दिल्लीत, करोल बागेतल्या मामाच्या घरी अंक उशिरा पोचायचा, त्यामुळे इतरांच्याही मागून.

प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ‘चि. वृंदास’ असं ठळक छापलेलं असे. खाली हिमालयातली पहाट, खरं बोलायला लागणारं धैर्य, वाचनाची गोडी, देशापुढचे प्रश्न. मधूनच एखादं घरगुती वाक्य: ‘तुझी आई जाईच्या वेलाला पाणी घालते आहे आणि मी व्हरांड्यात बसून तुला लिहितो आहे.’ राजूरकर तेव्हा केंद्रात राज्यमंत्री होते. पांढरेशुभ्र कपडे, दाट केस, ऐकत राहावं असं बोलणं. मुलगी कुठल्यातरी लांबच्या वसतिगृहात शिकते आहे असा वाचकांचा समज झाला आणि राजूरकरांनी तो कधी मोडला नाही. पत्रांचं पुस्तक निघालं, आवृत्त्या निघाल्या, एक पत्र शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून लागलं. पुढे वृंदा कुठेही गेली, लग्नाला, बारशाला, मंडळाच्या गणपतीला, की कुणीतरी बाई कौतुकाने जवळ येई आणि विचारी, “त्या वृंदा तुम्हीच का?”

खरी गोष्ट अशी होती की मुलगी वसतिगृहात नव्हती आणि आई जाईच्या वेलापाशी नव्हती. दोघी त्याच शहरात, दुकानावरच्या दोन खोल्यांत मामाकडे राहत होत्या. आईच्या, म्हणजे कुसुमावतीबाईंच्या, माहेरची गावं एका धरणाच्या पाण्याखाली जाणार होती. तिथली माणसं गाठोडी घेऊन दिल्लीला आली आणि बंगल्याच्या फाटकाशी बसली. साहेब दौऱ्यावर आहेत, असं शिपायाने सांगितलं. साहेब मागच्या खोलीत दाढी करत होते. कुसुमावतीबाई स्वतः फाटकापर्यंत चालत गेल्या, माणसांना दिवाणखान्यात आणून गालिच्यावर बसवलं, पिठलं-भात वाढला आणि सांगितलं, “आहेत घरात. भेटल्याशिवाय उठू नका.” माणसं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. त्याच आठवड्यात राजूरकरांनी बायकोला ‘जरा विश्रांतीसाठी’ भावाकडे पोचवलं, आणि मुलगी आईच्याच वळणाची म्हणून तिलाही सोबत दिली. घटस्फोट कधी झाला नाही, कारण दर थोड्या वर्षांनी निवडणूक असायची. कुसुमावतीबाई एका मराठी शाळेत शिकवू लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

सत्त्याण्णव साल उजाडलं तेव्हा वृंदा चाळिशीला आली होती. केंद्र सरकारात ती सेक्शन ऑफिसर होती. तिचा विभाग कारखान्यांना परवाने द्यायचा. नव्या धोरणात परवानेच उठले आणि विभागात माणसं उरली, काम उरलं नाही. नवरा उन्मेष एका नव्या मोबाइल कंपनीत लागून बंगलोरला गेला होता, दोन महिन्यांनी एकदा यायचा. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी नॉयडात सोसायटीचा फ्लॅट घेतला होता. एका बाजूच्या खिडकीतून मोहरीचं शेत दिसे, दुसऱ्या बाजूला अर्धवट उभ्या इमारती. वीज गेली की जनरेटरची घरघर सुरू व्हायची. त्या फ्लॅटमध्ये वृंदा, तिची तेरा वर्षांची मुलगी स्वानंदी आणि कुसुमावतीबाई राहत होत्या.

जानेवारीत ऑफिसात फोन आला. दर्यागंजमधल्या एका नव्या इंग्रजी प्रकाशनाची संपादक बोलत होती. नाव अनुष्का, दिल्लीत वाढलेली मराठी मुलगी.

“मॅडम, आम्ही ‘चि. वृंदास’ इंग्रजीत आणतोय. ट्रान्सलेशन झालंय. मला ओरिजिनल लेटर्सचे फोटो घ्यायचेत. तुमच्याकडे असतील ना? एन्व्हलप, स्टॅम्प, सगळं.”

“माझ्याकडे नाहीत.”

“हरवली का?”

“आलीच नाहीत,” वृंदा म्हणाली. “ती साप्ताहिकासाठी लिहिलेली होती. मला कधी पोस्टाने एकही आलं नाही.”

पलीकडे अनुष्का हसली. “अच्छा, तुम्ही मजा करताय. मी राजूरकर सरांना विचारते.”

पुढच्या रविवारी दुपारी सोसायटीच्या फाटकातून पांढरी ॲम्बॅसडर आत आली. राजूरकर आता सत्तरीला टेकले होते आणि गेली काही वर्षं कुठल्याच पदावर नव्हते. राज्यपालपदासाठी त्यांचं नाव चर्चेत आहे असं मराठी पेपरांत अधूनमधून येई. ते बहुधा त्यांनीच छापून आणलेलं असे. त्यांच्यामागे शंकर होता, त्यांचा जुना स्वीय सहायक, हातात चामड्याची बॅग. वृंदाने दार उघडलं आणि ती दारातच उभी राहिली. वडिलांना ती शेवटची भेटली होती एका लग्नात, तेही फोटोग्राफरने दोघांना जवळ उभं केलं म्हणून.

“आत येऊ देणार नाहीस?” राजूरकर म्हणाले.

“या.”

कुसुमावतीबाई बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत होत्या. दार उघडंच होतं. त्यांनी मान वळवली नाही. राजूरकरांनीही तिकडे पाहिलं नाही. सोफ्यावर बसून त्यांनी घर न्याहाळलं.

“छान आहे. लहान आहे, पण छान आहे.”

“काम काय आहे, नाना?”

“प्रस्तावना. दोन पानं. शंकरने मसुदा केलाय, तू नुसती नजर घाल.”

शंकरने टाइप केलेले कागद पुढे केले. वृंदाने उभ्याउभ्याच वाचले. ‘शाळेतून आले की मी वसतिगृहाच्या फाटकाशी पोस्टमनची वाट पाहत उभी राहायची. नानांचं अक्षर दिसलं की…’ तिने कागद टेबलावर ठेवले.

“आणि मूळ पत्रांचं म्हणशील,” राजूरकर सहज म्हणाले, “तर ती मी पुन्हा लिहून काढतोय. त्या वेळची लेटरहेडं शंकरने जपून ठेवली आहेत. शाई जरा फिकी वापरली की झालं. तू एवढंच म्हणायचं, की इतकी वर्षं पेटीत होती.”

शंकरने बॅगेतून गठ्ठा काढला. कडेला पिवळा पडलेला कागद, मंत्रालयाचं जुनं बोधचिन्ह, आणि खाली राजूरकरांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर. वरच्या पानावरची शाई एके ठिकाणी बोट लागून फिसकटली होती.

“मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं,” वृंदा म्हणाली. “आठवतं?”

“लिहिलं असशील. लहान होतीस.”

“करोल बागेत आल्यावर लिहिलं होतं. आम्ही घरी परत कधी यायचं, ते विचारलं होतं. उत्तरही आलं. टाइप केलेलं.” तिला ते तोंडपाठ होतं आणि ती ते सरकारी आवाजातच म्हणाली. “‘आपले पत्र मिळाले. आपण मांडलेल्या प्रश्नाची नोंद घेण्यात आली असून ते संबंधितांकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवण्यात येत आहे.’”

शंकरने बॅगेचा पट्टा चाचपला. “टपाल फार असायचं, वृंदाताई. गठ्ठ्यात गेलं असेल. मी नाव बघितलं नसणार.”

“खाली सही होती.”

“सह्या साहेब स्वतः करायचे,” शंकर हळूच म्हणाला.

“रोज शेकड्यांनी करत होतो,” राजूरकर म्हणाले. “वाचून कोण सही करतं? आता त्याचं काय एवढं?”

बाल्कनीतून कुसुमावतीबाईंचा आवाज आला. “शंकर, चहा घेशील का? तुझ्यापुरता टाकते.”

शंकरने साहेबांकडे पाहिलं आणि नको म्हणाला.

“मी एक अक्षर लिहिणार नाही,” वृंदा म्हणाली. “आणि हा गठ्ठा प्रकाशकाला दाखवलात तर मी तिथे जाऊन सांगेन की शाई अजून ओली आहे.”

राजूरकर उठले. त्यांचा चेहरा बिल्कुल बदलला नाही. राजकारणात नकार त्यांनी पुष्कळ पचवले होते, आणि नकार देणाऱ्याला वळसा घालून कसं जायचं हेही त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात दार ढकलून स्वानंदी आत आली, हातात बॅडमिंटनची रॅकेट, गाल लाल झालेले. आजोबांना तिने फोटोतच पाहिलं होतं.

“तू स्वानंदी,” ते म्हणाले. “मराठी वाचता येतं का तुला?”

“बोलता येतं. वाचायला टाइम लागतो.”

“मी तुला पत्र लिहिलं तर वाचशील?”

“हो,” स्वानंदी म्हणाली. “मला कुणाचंच लेटर येत नाही.”

पत्रं येऊ लागली. खरोखरची, निळ्या पाकिटात घातलेली, तिकीट लावलेली. सोसायटीच्या पत्रपेट्या खाली जिन्यापाशी होत्या. शाळेच्या बसमधून उतरली की स्वानंदी आधी तिथे डोकावायची. वर येऊन आजीच्या पलंगावर बसायची आणि अक्षर अक्षर लावत वाचायची. “आजी, निग्रह म्हणजे? संकोच म्हणजे शरम ना?” कुसुमावतीबाई अर्थ सांगायच्या, पत्राबद्दल काही बोलायच्या नाहीत. वृंदाच्या मनात आलं, पाकीट आपणच आधी काढून फाडून टाकावं. पण मुलीच्या नावाचं टपाल फाडण्याइतकी ती वडिलांसारखी नव्हती, निदान तिला तसं वाटत होतं.

एकदा स्वानंदी शाळेत असताना तिने एक वाचलं. बंगल्याच्या बागेत मुंगूस आलं होतं, त्याबद्दल होतं. पहिल्या भाषणाआधी त्यांना सभेच्या मांडवामागे जाऊन उलटी झाली, ते होतं. मग मुंगूस पुन्हा, माळ्याची चप्पल पळवून नेताना. वृंदाने ते दोनदा वाचलं. पत्र चांगलं होतं, आणि त्यामुळेच तिचं डोकं अधिक भणभणलं. हा माणूस असं लिहू शकत होता. त्याला मूल कळत होतं. मग तेव्हा का नाही?

फेब्रुवारीच्या शेवटी अनुष्काचा पुन्हा फोन आला. आता ती जास्त मोकळेपणाने बोलत होती.

“मॅडम, तुमची फोरवर्ड नसली तरी चालेल आता. नवीन सेक्शन इतका सुपर्ब झालाय ना. ‘नातीस’. ते मुंगूसवालं तर मी घरी आईला वाचून दाखवलं. आणि रिलीजला स्वानंदी स्टेजवर असणार, सरांनी सांगितलंय.”

“तुमच्याकडे ती पत्रं कशी आली?”

“शंकरजी टाइप करून पाठवतात. दर आठवड्याला. तुमच्याबद्दल पण किती छान लिहिलंय. तुम्ही लहानपणी गेटपाशी पोस्टमनची वेट करायच्या, ते.”

वृंदाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ऑटो करून बंगल्यावर गेली. त्या फाटकातून ती लहान असताना निघाली होती, त्यानंतर आज पहिल्यांदा आत जात होती. व्हरांड्यात लाकडी खोकी रचलेली होती. बंगला रिकामा करायची नोटीस लागली होती आणि राजूरकर ती दर महिन्याला पुढे ढकलून घेत होते. ते आतल्या खोलीत टेबलाशी बसून लिहीत होते. समोर तेच निळं पाकीट होतं, पत्ता लिहून तयार.

“आधी याची नक्कल प्रकाशकाकडे जाते की आधी हे पोस्टाच्या पेटीत पडतं?” वृंदाने विचारलं.

राजूरकरांनी पेनला टोपण लावलं. “बस.”

“माझ्या मुलीला वापरता तुम्ही.”

“तिला पत्रं आवडतात. मला लिहायला आवडतं. त्यात छापलं गेलं तर कुणाचं काय बिघडलं?”

“तिला वाटतं ती तिच्यासाठी आहेत.”

“तिच्यासाठीच आहेत. समोर कुणीतरी असल्याशिवाय मला लिहिता येत नाही.” ते खुर्चीत मागे टेकले. “तू स्वतःला फार मोठी फसवली गेलेली समजतेस. मी तुला तेव्हाही बघत होतो. तू फुगून बसायचीस. मी खोलीत आलो की पुस्तक मिटायचीस आणि आईकडे जायचीस. तुला मी काय लिहिणार होतो? आणि तू काय वाचणार होतीस?”

“विचारून बघायचं होतं.”

“ज्या मुलीला मी लिहिलं ती ऐकून घ्यायची. प्रश्न विचारायची. चुकलं तर माफ करायची. ती वृंदा तुझ्यापेक्षा पुष्कळ बरी होती.” त्यांनी हे शांतपणे, जणू खूप दिवसांचा हिशेब नीट मांडावा तसं सांगितलं. “तिच्यामुळे मी काही काळ बरा माणूस होतो. तुझ्यामुळे कधीच नव्हतो.”

वृंदा उभीच होती. तिने येताना ऑटोत पुष्कळ वाक्यं जुळवली होती आणि त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. बापाने आपल्याऐवजी दुसरी मुलगी घडवून घेतली, हे तिला नेहमीच माहीत होतं. पण त्या मुलीवर त्याचा खरोखर जीव होता, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

“मग तिचं नाव बदला,” ती शेवटी म्हणाली. “माझं परत द्या.”

“वेडी आहेस का? पिढ्यान्पिढ्या लोक त्या नावाने ओळखतात.”

“बरं,” वृंदा म्हणाली आणि बाहेर पडली.

आयुष्यभर फायलींवर टिपणं लिहिलेल्या बाईला मसुदा करायला वेळ लागला नाही. तिने प्रकाशनाला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. माझ्या अल्पवयीन मुलीला आलेली पत्रं माझ्या संमतीशिवाय छापता येणार नाहीत. मूळ पुस्तकातली पत्रं मला पाठवली गेली नव्हती, आणि ती खाजगी पत्रव्यवहार म्हणून विकली जाणार असतील तर मला कोर्टात जावं लागेल. अनुष्काचा फोन आला, या वेळी तिच्या आवाजात हसू नव्हतं. मग त्यांच्या वकिलाचा आला. मार्चअखेर तोडगा निघाला. ‘नातीस’ हा भाग गाळायचा, आणि पहिल्या पानावर वृंदाने दिलेलं वाक्य जसंच्या तसं छापायचं: ‘या पुस्तकातील वृंदा व तिचे कुटुंब काल्पनिक आहे.’

स्वानंदीला हे अनुष्काकडूनच कळलं, फोनवर. तिने रिसीव्हर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“तू माझी लेटर्स बुकमधून काढलीस?”

“ती पत्रं आजोबा तुझ्यासाठी लिहीत नव्हते, स्वानंदी. प्रकाशकासाठी लिहीत होते. दर आठवड्याला तिकडे नक्कल जात होती.”

“मला पोस्टाने आली. माझं नाव होतं त्याच्यावर.”

“मला कळतंय, पण…”

“तुला नाही कळत. तुला आली नाहीत म्हणून तू माझी पण बंद केलीस.” स्वानंदीचे डोळे भरले होते पण आवाज चढला नव्हता. “आजोबा आता लिहिणार नाहीत ना? का लिहितील, यार?”

ती खोलीत गेली आणि तिने कडी लावली. वृंदाने कणकेचा हात धुतला. आई तरी समजून घेईल असं वाटून ती कुसुमावतीबाईंकडे गेली आणि तिने त्यांना ते वाक्य सांगितलं. कुसुमावतीबाईंनी चष्मा काढला.

“तिचे कुटुंब म्हणजे मीसुद्धा?”

“हो. जाईच्या वेलाला पाणी घालणारी ती तू नव्हतीसच ना.”

“नव्हते. ते मला ठाऊक आहे.” त्यांनी चष्म्याच्या काचा पदराने पुसल्या. “शाळेत नोकरीला लागले तेव्हा मुख्याध्यापकांनी सगळ्यांना सांगितलं, या राजूरकर वहिनी. नवऱ्याने टाकलेली म्हणून तिथे कुणी बघितलं नाही माझ्याकडे. त्या पुस्तकामुळे नाही बघितलं. दर आठवड्याला अंक आला की मी आधी तेच शोधायची, या खेपेला त्यांनी मला काय करायला लावलंय. कधी लोणचं घालत असायची. कधी पेटी वाजवत असायची. रागाने वाचायची, पण वाचायची. आता तू छापून सांगितलंस की ती बाईच नाही.”

“आई, ते खोटं होतं.”

“मला विचारलं असतंस तर मीही खोटंच म्हटलं असतं. पण विचारायचं होतंस.” त्यांनी चष्मा लावला आणि वर्तमानपत्र उचललं. आठवडाभर घरात तिघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या.

एप्रिलमध्ये मंडी हाउसजवळच्या एका सभागृहात प्रकाशन झालं. स्वानंदी आणि कुसुमावतीबाई निमंत्रण आलं म्हणून गेल्या. वृंदाला कुणी बोलावलं नव्हतं. ती ऑफिसातून परस्पर गेली आणि मागच्या रांगेत बसली. दिल्लीतली झाडून सगळी मराठी मंडळी आली होती, जुने खासदार, अधिकारी, त्यांच्या बायका कलाबतूच्या साड्यांत. पाहुणे म्हणून एक बडे मंत्री होते. सरकार डळमळत होतं, त्यामुळे ते सारखे कुजबुजायला येणाऱ्या माणसाकडे कान देत होते.

राजूरकर बोलायला उठले. पहिल्या पानावरच्या त्या ओळीबद्दल ते गप्प राहतील असं वृंदाला वाटलं होतं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि ती ओळच वाचून दाखवली.

“ही माझ्या मुलीने घालायला लावली,” ते म्हणाले आणि सभागृह हसलं. “तिचं बरोबर आहे. मला सांगा, कुठल्या बापाची मुलगी थोडी काल्पनिक नसते? समोर असते ती एक, आणि आपण मनात जपतो ती दुसरी. मी दुसरीला लिहीत होतो. सार्वजनिक जीवनात असलेल्या माणसाला तेवढंच जमतं.” त्यांचा आवाज किंचित कातरला. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

वृंदा उठली आणि मधल्या वाटेने चालत मंचाकडे गेली. निवेदकाला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्याने कौतुकाने माइक दिला.

“मी समोर असते ती,” ती म्हणाली. तिने माइक दोन्ही हातांनी धरला. “नाना इतकं चांगलं बोलतात की ते काय बोलले ते नंतर कळतं, म्हणून मी साधं सांगते. त्यांनी आईला आणि मला घराबाहेर काढलं, कारण आईने धरणातल्या माणसांना घरात घेतलं. आम्ही याच शहरात होतो. ते एकदाही आले नाहीत. मी पत्र लिहिलं तर ऑफिसातून पोच आली. त्यांना जपायची होती तर मुलगी बसने जाण्याच्या अंतरावर होती.”

तिला आणखी सांगायचं होतं, पण सभागृहातली शांतता तिला अपेक्षित होती तशी नव्हती. लोक खाली बघत होते, जसं जेवणाच्या पंगतीत कुणाच्या हातून काही सांडलं की बघतात. मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. आयोजकांनी लगबगीने माइक घेतला आणि आभार मानायला सुरुवात केली. खाली उतरताना एका ओळखीच्या गृहस्थांनी तिला थांबवलं. “तुमचं दुःख समजतं, पण वडील आहेत. ही जागा नव्हती.” चहाच्या टेबलापाशी एका तरुण मुलीने पुस्तक पुढे केलं आणि विचारलं, “मॅम, यावर तुम्ही सही कराल?”

बाहेर गाड्यांच्या जागी राजूरकर त्यांच्या ॲम्बॅसडरपाशी उभे होते. शंकर दार धरून होता. वृंदा जवळून जाताना त्यांनी तिला थांबवलं. ते चिडून बोलतील या तयारीने ती थांबली.

“चांगलं बोललीस,” ते म्हणाले. “तो शेवटचा भाग, बसच्या अंतराचा. तिथेच थांबून खाली उतरायला हवं होतंस, त्याच्यापुढे तू नुसती चाचरलीस. पण चांगलं होतं. पुढच्या आवृत्तीत परिशिष्ट म्हणून घेता येईल.”

ते चेष्टा करत नव्हते. वृंदाने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिला ते कळलं.

“पुन्हा माझ्या घरी येऊ नका,” ती म्हणाली.

“तुझ्या घरी मी कामासाठी आलो होतो,” राजूरकर म्हणाले आणि गाडीत बसले.

कुसुमावतीबाई आणि स्वानंदी फाटकाबाहेर ऑटोची वाट पाहत होत्या. कुसुमावतीबाईंनी तिला पाहिलं आणि सरकून जागा करावी तशा जरा बाजूला झाल्या. “धरणाचं बोललीस ते बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “बाकीचं घरात बोलायचं होतं.” निझामुद्दीनचा पूल ओलांडून नॉयडा येईपर्यंत स्वानंदी ऑटोच्या कडेला तोंड बाहेर करून बसली होती.

दोन दिवसांत सरकार पडलं आणि राज्यपालपदाची चर्चाही विरली. इंग्रजी पुस्तक फारसं चाललं नाही. पावसाळ्याआधी राजूरकरांनी बंगला सोडला आणि ते पुण्याला भाड्याच्या घरात राहायला गेले. वृंदा त्यांना पुन्हा भेटली नाही.

स्वानंदीने मात्र पुण्याच्या पत्त्यावर त्यांना लिहिलं. पत्ता तिला शंकरने दिला होता. जुलैमध्ये उत्तर आलं. त्यानंतर कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी येत राहिलं. आता पाकीट स्वस्तातलं होतं आणि अक्षर जास्त झुकलेलं. ऑफिसातून येताना पत्रपेटीत पाकीट दिसलं की वृंदा ते वर आणायची, स्वानंदीच्या टेबलावर ठेवायची आणि चहा टाकायला जायची. आतून तिला कुसुमावतीबाईंचा आवाज ऐकू यायचा, “काय म्हणतायत?” आणि मग स्वानंदीचा, अडखळत, पण पूर्वीपेक्षा सफाईने वाचणारा. वृंदा स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.